बंपर ऑफर

‘बंपर’ हा शब्द आपल्याला एरवी भेटतो तो पाट्यांवर. बंपर सेल, बंपर धमाका, दिवाळी बंपर सोडत. म्हणजे काहीतरी भरघोस, फुकटात पदरात पडणारं. दीड महिन्यापूर्वी आमच्याही पदरात असाच एक बंपर पडला. अगदी फुकट. फक्त तो कोल्हापुरात होता, आम्ही पुण्यात, आणि त्याचं वजन होतं ४३ किलो.

आईनं हा आकडा ऐकला आणि म्हणाली, ‘‘लग्नात मी ४५ किलोंची होते.’’ त्यावर बाबांनी शहाणपणानं काहीही म्हटलं नाही.

तर हा बंपर म्हणजे गाडीच्या तोंडावरचा बंपर. कंपनीनं दिलेला नव्हे, बाहेरून करून घेतलेला. गाडीवेड्या पब्लिकच्या भाषेत ‘आफ्टरमार्केट’. तुमच्यापैकी ज्यांचा गाड्यांशी संबंध ऑफिसच्या कॅबपुरता आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हल्लीच्या गाडीचा बंपर म्हणजे वर प्लास्टिकचं आवरण, आत थोडा फोम आणि त्यामागे एक आडवी पट्टी. ठोकर बसली की त्यानं चेपायचं, मोडायचं, पण ठोकरीचा जोर आपल्या अंगात जिरवायचा, हाच त्याचा धंदा. ऑफ-रोडिंगवाल्यांना असला नाजूक बंपर चालत नाही. त्यांना दगड, झुडपं, चिखल, ओढे यांच्याशी दोन हात करायचे असतात. म्हणून मग तीन मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट, तिच्यावर नळीचा उभा हूप, दोन्ही बाजूंना गाडी ओढून काढायचे हूक, आणि हे सगळं धूड थेट चासीला बोल्ट केलेलं. बघितलं की वाटतं, गाडीनं दात-ओठ खाल्लेत.

आमची गाडी म्हणजे २००४ सालची मारुती जिप्सी. सॉफ्ट टॉप, म्हणजे वर कापडी हूड. नंबर अजून एमएच ०९, कोल्हापूरचा. जिप्सी १९८५ पासून आपल्याकडे होती आणि २०१८ च्या अखेरीस कंपनीनं सामान्य गिऱ्हाइकांची बुकिंगं घेणं थांबवलं. आता ज्यांच्याकडे आहे ते एक तर वेडे किंवा बाबांसारखे. बाबा पाटबंधारे खात्यात होते. राधानगरी, काळम्मावाडी या भागात त्यांची बरीच नोकरी गेली, आणि खात्याची जीप असतानाही स्वतःची जिप्सी घेण्याचा पराक्रम त्यांनी केला. आई त्याला अजून ‘ती सवत’ म्हणते.

या बंपरच्या जन्माची कथा आमच्या घरात इतक्यांदा सांगून झालीय की ती मला तोंडपाठ आहे. २००६ चा पावसाळा. राधानगरीहून दाजीपूरकडे जाणारा रस्ता, रात्रीचे नऊ, धुकं. दाजीपूरचं जंगल गव्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्यातला एक गवा रस्त्याच्या मधोमध उभा होता. पूर्ण वाढलेला गवा हजार किलोपर्यंत भरू शकतो. बाबांनी ब्रेक दाबला, गाडी घसरत गेली आणि त्याच्या मागच्या अंगाला टेकली. ‘टेकली’ हा बाबांचा शब्द. मूळ बंपर चेपून आत गेला, रेडिएटर फुटला. गव्यानं मागं वळून एकदा बघितलं आणि तो चालत झाडीत गेला. बाबा दोन तास अंधारात उभे. तेव्हा मोबाइलला रेंज म्हणजे नशिबाचा भाग.

पुढच्या महिन्यात उद्यमनगरातल्या त्यांच्या दोस्तानं, आम्ही सगळे ज्यांना अण्णा म्हणतो त्यांनी, हा बंपर ठोकून दिला. कोल्हापूरचं उद्यमनगर ज्यांनी बघितलं नाही त्यांनी एकदा बघाच. लेथ, प्रेस, वेल्डिंग, ओतकाम, गल्लीत शिरलं की लोखंडाचा वास नाकात बसतो. आणि तिथं ‘हे होणार नाही’ असं कुणी म्हणत नाही. ‘करू या की’ म्हणतात.

आता गंमत बघा. गव्यासाठी केलेला हा बंपर पुढच्या बारा वर्षांत एकाही गव्याला भेटला नाही. तो भेटला एका उसाच्या ट्रॉलीला, एका रेस्ट हाऊसच्या फाटकाला आणि शाहूपुरीत एका आल्टोला. त्या आल्टोचं मागचं दार आत गेलं, काच फुटली. आमच्या बंपरचा रंगसुद्धा गेला नाही. बाबांनी खर्च भरून दिला, पण पुढं कित्येक वर्षं ते ही गोष्ट पाहुण्यांना सांगायचे. ‘‘रंगसुद्धा गेला नाही!’’ मी तेव्हा शाळेत होते. मलाही ते भारी वाटायचं.

मग डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं. गाड्यांना लावलेले हे बुल बार, क्रॅश गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत, ते गाडीतल्यांना आणि पायी चालणाऱ्यांनाही धोक्याचे आहेत, कारवाई करा. कलम ५२ चा साधा अर्थ असा की नोंदणीत गाडी जशी आहे, कंपनीनं जशी बनवलीय, त्यापेक्षा वेगळी तिला करायची नाही. २०१९ मध्ये जिप्सीला पंधरा वर्षं झाली, पुनर्नोंदणीसाठी गाडी दाखवायला न्यायची होती. बाबांनी आदल्या दिवशी बंपर उतरवला, मूळ बनावटीचा पातळ बंपर लावला आणि लोखंडी अण्णांच्या शेडमध्ये ठेवला. ‘‘आठवड्यात नेतो’’ म्हणाले. त्यानंतर निवृत्ती आली, पुण्याला येणं झालं, लॉकडाऊन झाला, बाबांची अँजिओप्लास्टी झाली. आठवडा काही संपेना.

आणि मग अण्णांचा फोन. शेड रिकामी करतोय, पोरं सगळं मिळून नवीन जागेत चाललीत, जुनं सगळं भंगारात. ‘‘तुझा बंपर न्यायचा आसंल तर ने बाबा. न्हाईतर किलोवर जाईल.’’

बाबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना रात्रीचं आणि लांबचं ड्रायव्हिंग डॉक्टरांनी बंद केलंय. जिप्सी मी चालवते. फ्रीलान्सर असल्यानं माझ्याकडे ‘वेळच वेळ असतो’ असा आमच्या घराचा ठाम समज आहे.

‘‘लावायचा नाही गं,’’ बाबा म्हणाले. ‘‘नुसता घरी असू दे.’’

हे वाक्य मी ‘फक्त बघायला आलोय, घ्यायचं काही नाही’ या चालीवर ऐकलं. बाबांना मी २८ वर्षं ओळखते. त्यांच्या टूलबॉक्समध्ये त्या बंपरचे चार बोल्ट तेल लावून कागदात गुंडाळून ठेवलेले आहेत, हेही मला माहीत होतं.

ट्रान्सपोर्टनं मागवू या, असं मी सुचवून बघितलं. कोल्हापूर-पुणे रोज शेकडो ट्रक धावतात, एक नग कुणीही टाकेल. बाबांनी चेहरा असा केला, जणू मी आजीला पार्सलनं पाठवायचं म्हटलं.

म्हणून एका गुरुवारी पहाटे मी निघाले. निघण्याआधी सगळी मापं घेतली होती. अण्णांकडून फोनवर: लांबी पाच फूट, खोली सव्वा फूट, हूपसकट उंची दोन फूट. इकडे टेप घेऊन जिप्सीत: मागच्या चाकांच्या कमानींच्या मधे जेमतेम तीन फूट. म्हणजे आडवा बसणं अशक्य. उभा ठेवला तर हूडच्या लोखंडी कमानी आडव्या येणार. राहिला एकच मार्ग, तिरपा. कागदावर चौकोन काढून, बंपरचा पुठ्ठा कापून मी तो फिरवून बघितला होता. मागच्या उजव्या कोपऱ्यातून सुरू, पुढं डाव्या सीटची पाठ पाडून तिच्यावर शेवट. बसत होता. दोन इंच राखून. यासाठी मला मास कम्युनिकेशनची डिग्री कामी आली नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

उद्यमनगरात शिरले आणि माझं ‘आले’चं ‘आलो’ झालं. कोल्हापुरात वाढलेल्या मुलींचं हे असंच असतं. पुण्यात कितीही वर्षं काढा, पंचगंगा ओलांडली की आपण ‘मी जेवलो’, ‘मी बसलो’.

अण्णांनी आधी चहा पाजला, मग माझ्या पुठ्ठ्याकडे दोन मिनिटं कौतुकानं बघितलं आणि मग म्हणाले, ‘‘पोरी, कशाला डोक्याला ताप करून घेतीस? लावून देतो की. चार बोल्ट हायत. अर्ध्या तासाचं काम. गाडीच घिऊन जाईल त्याला.’’

खरं सांगते, ही आयडिया सॉलिड होती. पाच फुटांचं लोखंड न्यायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे ज्या जागेसाठी ते केलंय ती. ना उचलाउचली, ना दोऱ्या. घरी जाऊन काढता आलं असतं. (काढलं असतं का, हा प्रश्न वेगळा.) पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात कलम १८२-अ आलंय, आणि त्यातलं चौथं पोटकलम मालकासाठी आहे: परवानगी नसलेला फेरफार केला तर प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बरं, न लावता नुसता मागून बाहेर काढून नेऊ म्हटलं तर कलम १९४ चं पोटकलम १-अ. माल गाडीच्या बाहेर मर्यादेपेक्षा पुढं, मागं किंवा बाजूला डोकावला तर वीस हजार. म्हणजे हिशेब असा: पुढं लावला तर पाच हजार, मागं डोकावला तर वीस हजार, आणि पोटात मावला तर शून्य. तोच बंपर, तीच गाडी!

मी अण्णांना हे सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘‘तू वकील झालीस का पत्रकार?’’ आणि पोरांना हाक मारली.

आधी काटा. शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर बंपर चढवला तेव्हा कळलं, ४३ किलो. आईसाठी मी फोटो काढला.

मग पुढचा दीड तास. मागून घालायचा पहिला प्रयत्न हूपनं हाणून पाडला. तो कमानीत अडकला. बंपर उलटा करून बघितला, हूप खाली. तर मधली प्लेट चाकाच्या कमानीवर बसली. माझा पुठ्ठा बरोबर होता, आत गेल्यावर बंपर बसणार होता, पण पुठ्ठ्याला वजन नव्हतं आणि तो वळवताना कुणाचं बोट चिरडत नव्हतं. पाच मिनिटं सगळे कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मग अण्णा वर बघायला लागले. छताला इंजिन उचलायची साखळी-पुली होती.

‘‘टप काढा रं,’’ अण्णा म्हणाले.

हूड उतरवलं. कमानी सोडवल्या. जिप्सी एकदम उघडी, पावसात भिजलेल्या मांजरासारखी बारीक दिसायला लागली. ती ढकलत पुलीखाली आणली. बंपरला दोन ठिकाणी पट्टे बांधून साखळी ओढली, आणि ते काळं धूड हळूहळू वर गेलं, माझ्या डोक्यावर दोन फूट, हवेत गोल फिरत. मग खाली. एक पोरगा डावीकडून, एक उजवीकडून, अण्णा ‘‘सोड... सोड... थांब’’ करत. गाडीत अंथरलेल्या गोधडीवर बंपर टेकला तेव्हा जिप्सी मागच्या बाजूला एक-दीड इंच खाली बसली, जणू सुस्कारा टाकला.

दोन इंच राहिले. मी पुठ्ठा पर्समध्ये ठेवला.

आता बांधणं. तुमच्यावर कधी अशी वेळ आली, बंपर नसेल, फ्रीज असेल, जिमची वजनं असतील, तर एवढं लक्षात ठेवा की जड माल मागं पडत नाही, पुढं येतो. ब्रेक मारला की गाडी थांबते, माल थांबत नाही. नुसत्या जोरदार ब्रेकमध्ये ४३ किलोचा माल साधारण आपल्या वजनाइतक्याच जोरानं पुढं रेटतो. टक्कर झाली तर तो जोर कित्येक पटींनी वाढतो, आणि पुढं कोण बसलेलं असतं? आपण. म्हणून गाठी मागं ओढणाऱ्या हव्यात. आम्ही दोन रॅचेट पट्टे मागच्या बाकांच्या बोल्टांना घेतले, एक आडवा. साधी नायलॉनची दोरी ताण धरत नाही, सैल पडते. ती फक्त वरून मानसिक समाधानासाठी. टोकांना जुनी ट्यूब कापून गुंडाळली. आणि शेवटी मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून डावा आरसा पूर्ण दिसतो की नाही बघितलं. दिसत नव्हता. हूपचा कोपरा मधे येत होता. चार इंच मागं सरकवून पुन्हा सगळं बांधलं. पोरांनी मनात मला काय शिव्या घातल्या असतील, ते मी समजू शकते.

हूड चढलं. अण्णांनी बंपरवर हात ठेवला, थोपटल्यासारखा. ‘‘ह्या हातानं केलाय. बाबास्नी सांग, वेल्डिंग अजून तसंच हाय.’’ पैसे काही घेतले नाहीत.

कोल्हापूर ते पुणे साधारण २३० किलोमीटर. मी साठच्या वर गेले नाही. डावीकडे सीटबेल्टच्या जागी रॅचेट पट्टा लावलेला काळा सहप्रवासी. गाणी ऐकायची सोय नाही, कारण जिप्सीत कापडाचा फडफडाट हेच संगीत. पहिले पन्नास किलोमीटर माझं सगळं लक्ष मागच्या आवाजांकडे होतं. लोखंड गप्प बसलं तर टेन्शन, वाजलं तर जास्त टेन्शन. पेठनाक्याला थांबून पट्टे तपासले, एक अर्धी खटक घट्ट केला. पुढं मात्र सवय झाली. आणि एकटीनं गाडी चालवताना जे होतं ते झालं. डोकं चालायला लागलं.

गाडीच्या पुढं असताना हा बंपर मला कधी जड वाटला नव्हता. तेव्हा तो दिसायचा. रुबाब होता. आता प्रत्येक स्पीडब्रेकरला तो माझ्या डाव्या खांद्यामागं उचलला जात होता आणि मी आपोआप मान आखडून घेत होते. शाहूपुरीतल्या त्या आल्टोत मागच्या सीटवर कुणी बसलं होतं का, हे मी बाबांना कधी विचारलंच नव्हतं. गोष्टीत ते नसायचं. गोष्टीत फक्त आमचा रंग असायचा.

कराडच्या पुढं हायवे पोलिसांनी हात केला. ‘‘मॅडम, घ्या बाजूला.’’ वाकून आत बघितलं. ‘‘हे काय?’’

‘‘बंपर.’’

‘‘कुठल्या गाडीचा?’’

‘‘ह्याच.’’

त्यांनी गाडीच्या पुढं जाऊन बघितलं. परत आले. ‘‘मग लावला का नाही?’’

‘‘लावला तर तुम्ही चलान कराल.’’

‘‘करणार ना!’’ ते म्हणाले. मग स्वतःच हसायला लागले. बरोबरच्या सहकाऱ्याला बोलावून दाखवलं. ‘‘हे बघ, पहिल्यांदा बघतोय. बंपर गाडीत बसून चाललाय.’’ कागद बघितले, सगळे पट्टे हलवून बघितले, ‘‘बांधलाय चांगला’’ असं सर्टिफिकेट दिलं आणि जा म्हणाले. एवढ्या वर्षांत वाहतूक पोलिसांकडून मिळालेली ही पहिली शाबासकी.

सातारा, सुरूर, खंबाटकीचा बोगदा, त्यापुढचा उतार. तिथं मी ट्रकसारखी तिसऱ्या गिअरमध्ये उतरले. मागून कुणी कितीही हॉर्न वाजवो. संध्याकाळी सातला घरी.

आत जाताना बंपरला साखळी-पुली होती. बाहेर काढायला सोसायटी. हूड पुन्हा काढलं आणि चौघांनी, दुसऱ्या मजल्यावरचे आयटीवाले दोघे, वॉचमनकाका आणि मी, कडेवरून उचलून बाहेर घेतला. बाबा ‘‘सावकाश, सावकाश’’ म्हणत भोवती फिरत होते. हात लावायची त्यांना बंदी होती. बंपर पार्किंगच्या भिंतीला टेकला तशी ते उकिडवे बसले आणि फडक्यानं पुसायला लागले. मला वाटलं होतं तसंच त्यांनी केलं: वेल्डिंगवरून बोट फिरवलं. ‘‘तसंच आहे,’’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाली गेले तर बाबांनी बंपरखाली विटा रचल्या होत्या. दोन-दोन विटा, वर फळी, मग आणखी विटा. शेजारी जिप्सी उभी. टेपनं जमिनीपासूनची उंची मापून त्यांनी बंपर बरोबर त्या उंचीला आणून ठेवला होता ज्या उंचीला तो गाडीवर बसला असता.

‘‘बघत होतो, भोकं जुळतात का,’’ ते म्हणाले.

मी काही बोलणार तेवढ्यात वॉचमनकाकांची मुलगी आली. पहिलीत आहे. शाळेतून आली की तिचं राज्य म्हणजे पार्किंग. ती थेट बंपरसमोर गेली. मधली प्लेट तिच्या पोटाशी आली. हूपची नळी हनुवटीच्या थोडी खाली. तिनं दोन्ही हातांनी हूप धरला, खिडकीतून बघतात तसं त्यातून वाकून बघितलं आणि आम्हाला म्हणाली, ‘‘भॉक!’’

बाबा हातात टेप धरून तसेच उभे. टेप आपोआप सर्रकन आत गेली. त्या आवाजाला ती हसली, मग मांजरामागे पळाली. आम्ही दोघं काही बोललो नाही. थोड्या वेळानं बाबांनी एकेक वीट काढायला सुरुवात केली, मी बंपर धरला.

रात्री जेवताना ते म्हणाले, ‘‘त्या २०१७ च्या पत्रात नक्की काय होतं गं? चालणाऱ्यांबद्दल?’’ मी सांगितलं. लोखंड चेपत नाही, मग जोर कुठंतरी जातोच. आत किंवा बाहेर. एअरबॅगवाल्या गाड्यांत तर त्या उघडण्याचं गणितही बिघडू शकतं. आमच्या जिप्सीत एअरबॅगच नाही, तेवढा एक मुद्दा त्यांच्या बाजूनं होता. तो त्यांनी मांडला नाही.

‘‘गवा आला असता तर?’’ एवढंच विचारलं.

‘‘बाबा, आपण कर्वे रोडला राहतो.’’

‘‘हो. तेही आहे.’’

माझ्या लक्षात आलं की हे मी हसण्यावारी न्यायला नको होतं असं कदाचित त्यांना वाटलं असेल. कारण कर्वे रोडला राहतो म्हणजे दाजीपूरला राहत नाही, रात्री नऊला धुक्यात गाडी काढत नाही, आणि आता काढणारही नाही. चार बोल्ट तेल लावून ठेवण्यामागं बंपर लावायचा विचार असेलही, पण त्याहून जास्त परत तिकडं जायचा होता. त्यावर मला काही बोलता आलं नाही. मी त्यांना आणखी भात वाढला.

बंपर भिंतीला तसाच. तीन आठवड्यांनी सोसायटीची नोटीस आली: ‘सामाईक जागेत ठेवलेली लोखंडी वस्तू आठ दिवसांत हलवावी.’ पुण्यात नोटीस आली की उत्तर द्यायचं असतं, हा नियम आहे. बाबांनी फुलस्केप घेतला आणि लिहिलं, ‘सदर वस्तू ही माझ्या वाहनाचा भाग असून...’ आणि पेन थांबलं. माझ्याकडे बघितलं.

‘‘नाही ना लिहिता येत?’’

‘‘नाही लिहिता येत.’’

त्यांनी ते खोडलं. कागद तसाच ठेवून भोरजवळच्या आत्याला फोन लावला. तिच्याकडे नवीन गोठा झालाय, सात म्हशी आहेत, आणि त्या गव्हाणीची फळी रेटून रेटून मोडतात अशी तिची जुनी तक्रार. ‘‘तुला असा आडवा बार देतो,’’ बाबा तिला सांगत होते, ‘‘की म्हशी काय, गवा आला तरी हलणार नाही. वेल्डिंग बघ तू त्याचं.’’

काल संध्याकाळी त्यांनी दोन्ही ओढायचे हूक तेवढे पान्यानं सोडवून घेतले, ग्रीस लावलं आणि टूलबॉक्समध्ये ठेवले, त्या चार बोल्टांशेजारी. मी विचारलं नाही कशाला.

शनिवारी भोरला निघायचंय. पुठ्ठा मी जपून ठेवलाय, रॅचेट पट्टे आहेत, गोधडी धुऊन झाली. आयटीवाले दोघे मात्र या शनिवारी नेमके ट्रेकला चाललेत. बाबा म्हणतायत, साखळी-पुली कुठं भाड्यानं मिळते का बघ.